शेजारी गणपती, घरी उपास : मुलांना काय सांगावे?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, कुटुंब आहोत. मुलगा ११ वर्षांचा आहे, मुलगी ७ वर्षांची. सासूबाई आमच्याबरोबरच असतात. गेली काही वर्षे माझे पती परदेशातून येणाऱ्या धर्मशिक्षकांच्या वर्गांना जातात. आता मांस आणि दूध एकत्र येऊ नये म्हणून घरात त्यांची भांडी वेगळी करावीत, शनिवारचा मुलाचा फुटबॉलचा सराव बंद करावा, मलिदा, म्हणजे आशीर्वाद म्हणून वाटायचे पोहे-फळांचे ताट, करू नये आणि मुलांनी शेजारच्या गणपतीला जाऊ नये, असा त्यांचा आग्रह आहे. सासूबाई म्हणतात, “आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे चालले, ते आता कोणाला विचारून बदलायचे?” मुलगा “हे सगळे मीच का करायचे?” असे विचारतो, आणि मुलीने परवा मला विचारले, “आपला देव गणपतीवर रागावला आहे का?” त्यात सप्टेंबर २०२६ मध्ये किप्पूरच्या, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाच्या, दिवशीच शाळेत चाचणी परीक्षा येईल, असे दिसते. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न बरेच विचारले आहेत, पण मला त्यांच्यामागे अडचण एकच दिसते. मुले ज्या घरात वाढत आहेत, त्या घरातल्या तीन मोठ्या माणसांनी आपले नियम अजून ठरवलेले नाहीत, आणि ते ठरवण्याची ओढाताण मुलांच्या देखत चालली आहे. शेजारी गणपती बसतो, शाळेत नाताळची सजावट होते, म्हणून आपली मुले गोंधळतात, असे आपल्या समाजात पुष्कळदा बोलले जाते. मला ते पटत नाही. कोकणातल्या ज्या गावांत आपले पूर्वज राहिले, तिथे आपली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असत आणि सभोवार वर्षभर दुसऱ्यांचे सण चालत. तरीही तिथल्या मुलांना आपण कोण हे पक्के ठाऊक होते, कारण शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घरचा तेलाचा घाणा बंद असे आणि तो का बंद असतो याविषयी घरात दुमत नव्हते. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले ते त्यामुळेच. मूल गोंधळते ते आजी एक सांगते, बाबा दुसरे सांगतात आणि आई दोघांचे चेहरे पाहून तिसरेच सांगते तेव्हा.

म्हणून सर्वांत आधी तुम्ही तिघांनी, मुले घरात नसताना किंवा झोपल्यावर, एकत्र बसावे. या बैठकीत पतीची बाजू खोडून काढायची किंवा सासूबाईंना गप्प बसवायचे असा हेतू ठेवून गेलात, तर ती पहिल्या दहा मिनिटांतच मोडेल. तुमचे पती धर्माकडे वळले आहेत, मुलांना काहीतरी द्यावे असे त्यांना मनापासून वाटते आहे, हे आधी मान्य करायला हवे. बापाला काहीच पडलेली नसणे ही याहून अवघड परिस्थिती असते. आणि सासूबाईंच्या रागामागे काय असू शकेल, तेही पतीला शांतपणे समजावून सांगायला हवे.

आपल्या समाजातल्या त्या पिढीने एक गोष्ट सोसली आहे, जी तरुणांना सहसा माहीत नसते. बेने इस्राएल कुटुंबे १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेली, आणि तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कार्यालयाने त्यांच्या विवाहांपूर्वी घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे निर्देश काढले. इतर कोणत्याही समाजाला न विचारलेले प्रश्न आपल्या मुलामुलींना विचारले गेले. त्याविरुद्ध आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, प्रकरण इस्राएलच्या संसदेपर्यंत पोहोचले, आणि १९६४ मध्ये ते निर्देश बदलून आपल्याला सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ज्या घरांतले भाऊ-बहीण तिकडे गेले होते, त्या घरांत ही चर्चा वर्षानुवर्षे चालली. अशा काळात वाढलेल्या बाईला तिचा स्वतःचा मुलगा, बाहेरून आलेल्या शिक्षकाच्या शब्दावर, “आपले चुकत होते” असे सांगतो, तेव्हा तिला केवळ स्वयंपाकघरातली भांडी बदलायची आहेत असे ऐकू येत नाही. तुमच्या पतीचा तसा हेतू मुळीच नसेल. पण त्यांनी वाक्य बदलावे. “आपल्याकडे हे कसे करत आले आहेत, मला सांग, मी काय शिकलो ते मी सांगतो” इतके म्हटले, तर त्या बोलत्या होतील.

बोलत्या झाल्या की पतीच्या लक्षात येईल की ज्या गोष्टी ते वर्गात शिकून येतात, त्यांतल्या कित्येक त्यांच्या आईच्या हाताला आधीच ठाऊक आहेत. कोंबडी आणल्यावर ती अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवायची आणि नीट धुऊन रक्त काढून टाकायचे, ही पद्धत आपल्या जुन्या बायकांना कोणत्याही पुस्तकातून शिकावी लागली नाही. मटणाच्या रश्श्याला दही किंवा साय न लावता नारळाचे दूध घालायचे, रोश हशानाच्या (नववर्षाच्या) हलव्यातही नारळाचेच दूध वापरायचे, म्हणजे मांसाच्या जेवणानंतरही तो खाता येतो. यात मांस-दुधाच्या नियमाचे अर्धे काम होऊन गेलेले असते. आपल्यात दाविद राहबी या बाहेरून आलेल्या ज्यू शिक्षकाची जी कथा सांगतात, तीही स्वयंपाकघरातलीच आहे. कोकणातल्या या लोकांना आपण इस्राएलच्या वंशातले आहोत याखेरीज फारसे सांगता येत नव्हते. तेव्हा त्याने परीक्षा म्हणून सगळ्या प्रकारची मासळी बायकांपुढे ठेवली, आणि त्यांनी पर आणि खवले असलेली, म्हणजे आपल्या शास्त्राला चालणारी, तेवढी वेगळी काढली. म्हणजे आपली ओळख पटली ती मासळी निवडणाऱ्या बायकांमुळे. भांडी वेगळी करायचीच असतील तर जरूर करावीत, नियम शास्त्रातलाच आहे. पण ती कामगिरी सासूबाईंच्या हाती सोपवावी. कोणती पातेली मांसाची आणि कोणती दुधाची हे त्यांनी ठरवावे, आणि सात वर्षांच्या नातीने त्यांच्याबरोबर बसून दोन रंगांच्या खुणा कराव्यात. आजीने शिकवलेला नियम मुले मोडत नाहीत, निदान आजीसमोर तरी.

मलिद्याच्या बाबतीत मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूची आहे, आणि ते आडपडदा न ठेवता सांगते. भिजवून निथळलेले पोहे, खवलेले ओले खोबरे, साखर, वेलची, सुक्या मेव्याचे काप, भोवती केळी, खजूर आणि हंगामातली फळे असे हे ताट असते. ते एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, स्मरण करून मांडायचे, त्याचे गीत म्हणायचे आणि प्रत्येक पदार्थाचा योग्य तो हिब्रू आशीर्वाद म्हणून वाटायचे. यात निषिद्ध काय आहे, हे पतीने आपल्या शिक्षकांना नेमकेपणाने विचारावे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना ही रीत अपरिचित असते, एवढेच. उलट मुलांना आशीर्वाद शिकवण्यासाठी याहून चांगली संधी नाही. झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून येणाऱ्या पिकाचा वेगळा; मग खजूर कशात आणि केळे कशात? खजुराला झाडाचा आशीर्वाद आणि केळीला जमिनीचा, हे ऐकून मुले वाद घालतातच, कारण केळ त्यांना झाडच वाटते. त्यांना वाद घालू द्यावा. आपल्या धर्मात शिकण्याची रीतच ती आहे.

तुमच्या मुलाच्या “मीच का?” या प्रश्नाकडेही मी तसेच पाहते. पेसाखच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) रात्री आपण जो हग्गादा, म्हणजे त्या सुटकेची पोथी, वाचतो, तो सुरूच होतो मुलाच्या प्रश्नाने, आणि त्यात चार मुले येतात: शहाणा, उलट बोलणारा, भोळा आणि ज्याला विचारायचेही सुचत नाही असा. उलट बोलणारा विचारतो, “तुमचा हा सगळा खटाटोप कशासाठी?” त्याला हग्गादात चांगलेच सुनावले आहे, हे खरे; पण तो मेजावरून उठून गेलेला नाही, आणि त्याला कोणी उठवलेलेही नाही. पुढच्या वर्षीही त्याची जागा राखलेली असते. ११ व्या वर्षी मुलाने असे विचारणे ही बार मित्स्वाच्या विधीच्या आधीची अगदी योग्य वेळ आहे, कारण १३ पूर्ण झाल्यावर धर्माच्या दृष्टीने जबाबदारी त्याची स्वतःची होते. त्याला “असे विचारू नये” हे उत्तर देऊ नका. “आम्ही हे का करतो ते आम्ही सांगू, तू काय करशील ते तेराव्या वर्षी तू ठरवायला लागशील, तोवर घराबरोबर चाल” हे उत्तर प्रामाणिक आहे. सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिराच्या) बाहेर, मित्रांसमोर तो किप्पा (धार्मिक टोपी) घालत नाही याची तुमच्या पतीला खंत वाटत असली, तर ती सध्या मनातच ठेवावी. आणि बार मित्स्वाची तयारी कर म्हणजे सायकल देऊ, असे काही कबूल केले असेल, तर सायकल वेळेवर यायला हवी. मुलाला काही देतो म्हणून सांगावे आणि देऊ नये असे करू नये, त्याने ते खोटे बोलायला शिकते, असे तालमूद या आपल्या धर्मग्रंथात रब्बी झेरा यांनी बजावले आहे.

आता शनिवार. इथे मला तुमच्या पतीचे तत्त्व मान्य आहे, पण क्रम मान्य नाही. शब्बाथ सुरू होतो शुक्रवारी सूर्यास्ताला, आणि तुमच्या पत्रात शुक्रवारच्या संध्याकाळचा एकदाही उल्लेख नाही. आधी ती संध्याकाळ उभी करा, मग शनिवारच्या सरावाचे पाहू. मला अडचण ठाऊक आहे: मुंबई-ठाण्यात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दिवे त्याआधी साधारण १८ मिनिटे लावायचे, आणि त्या वेळी तुम्ही दोघे ऑफिसात किंवा लोकलमध्ये असता. मग दिवा सासूबाईंनी लावावा. पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि तरंगती वात, अशी आपली जुनी रीत असेल तर तीच ठेवा. मुलीला पाणी आणि तेल ओतायचे काम द्या. तुम्ही पोहोचल्यावर जेवणाआधी किद्दूश, म्हणजे द्राक्षरसावरचा आशीर्वाद, व्हावा. त्यासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले शरबत आपल्याकडे पूर्वापार चालते, आणि ते गुरुवारी रात्री भिजत घालणे हे मुलाचे काम असावे. तो विसरला तर त्या शुक्रवारी शरबत नाही, आणि त्यावरून रागवायचेही नाही. पुढच्या आठवड्यात तो विसरणार नाही.

याच वेळी एक गोष्ट तुमच्या पतीने दर आठवड्याला, न चुकता करावी. दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा: मुलाला, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखे करो, मुलीला, देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखे करो. एफ्राईम आणि मनश्शे हे योसेफाचे मुलगे मिसर देशात जन्मले, तिथल्याच लोकांत वाढले, तिथल्या दरबारात वावरले, आणि तरी आजोबा याकोबाच्या घरचेच राहिले. मुलगा मोठा होत जाईल तसे हे त्याला सांगता येईल. आठवडाभर मुलाला “हे करू नको, ते खाऊ नको” एवढेच बोलणाऱ्या बापाचा हात आठवड्यातून एकदा तरी कौतुकाने डोक्यावर यावा, हे मला सगळ्या भांड्यांच्या वाटणीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

असे काही महिने झाल्यावर फुटबॉलचा विषय काढावा. सराव बंद करून मुलाला दिवसभर घरात बसवले, टीव्ही नाही, मोबाइल नाही आणि बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले, तर त्याला शब्बाथ म्हणजे शिक्षा वाटेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. शनिवार सकाळी वडिलांनी त्याला आपल्या ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये न्यावे. १८७९ मध्ये बांधलेली ती वास्तू, शाआर हाशामाईम, तुमच्याच गावात आहे, ही मोठी सोय आहे. राज्यातली कितीतरी कुटुंबे आज ज्या गावी राहतात, तिथे सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहा पुरुषांचा मिनियानही जमत नाही. सिनेगॉगमध्ये त्याच्या वयाची दोन मुले जरी भेटली तरी शनिवारचे रूप बदलेल. प्रशिक्षकांशी तुम्ही स्वतः बोलून रविवारच्या तुकडीत जागा मिळते का पाहा. नाहीच मिळाली, तर पहिल्या वर्षी मी मुलाला खेळू देईन. हे उत्तर काटेकोर नाही आणि तुमच्या पतीच्या शिक्षकांना ते मुळीच आवडणार नाही. पण ज्या तालमूदने बापाची कर्तव्ये सांगताना मुलाला तोरा (धर्मशास्त्र) शिकवावी, त्याचे लग्न करून द्यावे, त्याला हुन्नर शिकवावा असे म्हटले, त्यातच काहींच्या मते त्याला पोहायलाही शिकवावे असे नोंदले आहे, हे त्यांना नम्रपणे सुचवायला हरकत नाही. मुलाचे शरीर आणि त्याचे जग हेही बापाच्याच खात्यात येते.

गणपतीच्या बाबतीत आपल्या शास्त्राची रेघ स्पष्ट आहे आणि ती पुसट करावी असे मी सांगणार नाही. मूर्तीची पूजा आपण करत नाही, आरतीचे ताट हातात घेत नाही आणि नैवेद्य दाखवलेले खात नाही. पण शेजाऱ्यांच्या घरी जाऊ नये असे त्यातून आपोआप निघत नाही. ज्या काकूंनी तुमच्या मुलीला कडेवर खेळवले असेल, त्यांच्या दारावरून दहा दिवस मान खाली घालून जायचे, याने मुलगी धर्म शिकणार नाही. ती शेजाऱ्यांना चुकवायला शिकेल. माझे मत असे की आरतीची वेळ सोडून एका दुपारी तुम्ही स्वतः मुलांना घेऊन भेटायला जावे, आणि त्याआधी काकूंना बाजूला घेऊन सांगून ठेवावे, “आमच्यात प्रसाद चालत नाही, मुलांना आग्रह करू नका.” मराठी घरात यापुढे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. त्या घरातही श्रावणात काही गोष्टी चालत नाहीत, संकष्टीला कोणाचा तरी उपास असतो, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो. ‘चालत नाही’ हे त्यांना आपल्याइतकेच कळते, आणि बहुतेक वेळा त्या मुलांसाठी नैवेद्याआधी बाजूला काढलेले काही तरी देऊ करतील. मोदक नाकारण्याचे काम मात्र सात वर्षांच्या मुलीवर टाकू नये. ते मोठ्यांनी आधीच करून ठेवायचे असते.

आणि तिचा प्रश्न: आपला देव गणपतीवर रागावला आहे का? तिला सांगा की नाही, कोणी कोणावर रागावलेले नाही. आपण एकाच देवाची प्रार्थना करतो, त्याची मूर्ती करत नाही, आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना म्हणतो ते हेच सांगायला. काकू त्यांच्या घरी त्यांच्या पद्धतीने पूजा करतात, आणि त्या आपल्या काकूच आहेत. एवढे पुरे. पुढचे प्रश्न आले की पुढची उत्तरे. शेजाऱ्यांच्या देवाची टिंगल मात्र घरात कोणीही करू नये, अगदी विनोदातसुद्धा, कारण मुले तो विनोद दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये सांगतात.

किप्पूरची गाठ २०२६ मध्ये नेमकी गणेशोत्सवाशी पडते आहे. २०२५ मध्ये तो दसऱ्याच्या दिवशी, २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये २० सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन २१ ला संपेल, म्हणजे १४ सप्टेंबरला बसलेले गणपती अजून मांडवात असतील आणि तुमच्या उपासात ढोल-ताशांची भर पडेल. मुलाला एका रविवारी कालनिर्णय आणि आपले हिब्रू पंचांग शेजारी शेजारी ठेवून दाखवा. दोन्हींचे महिने चंद्राचे, दोन्हींत अधिक महिना, फक्त तो घालण्याची वेळ वेगळी. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे गणपती उशिरा आले आणि आपल्या सणांच्या तिश्री महिन्याला येऊन भिडले. अकरा वर्षांच्या मुलाला यात रस वाटतो, आणि आपला सण दर वर्षी तारीख का बदलतो हे वर्गात विचारले गेले तर त्याच्याजवळ उत्तर असते.

उपासाचे म्हणाल, तर मिश्ना या जुन्या धर्मसंहितेचा नियम सौम्य आहे. लहान मुलांना किप्पूरचा उपास करायला लावू नये, पण वय होण्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी सवय लावावी. मुलीला त्या दिवशी नेहमीसारखे जेवू घाला. मुलाला सकाळचा नाश्ता तासाभराने उशिरा द्या, आणि त्याची इच्छा असेल तर दुपारपर्यंत थांबू द्या. पुढच्या वर्षी आणखी थोडे. संध्याकाळी शोफार (शिंगाचे वाद्य) वाजेपर्यंत त्याला सिनेगॉगमध्ये ठेवावे, मग तो जेवलेला असो वा नसो.

चाचणीसाठी शाळेत अर्ज तुम्ही द्यायचा, मुलाच्या दप्तरातून पाठवायचा नाही. जूनमध्येच मुख्याध्यापकांची वेळ घेऊन दोघांनी भेटावे, वर्षभरातल्या आपल्या सणांच्या तारखा एका कागदावर लिहून द्याव्यात, आणि २१ सप्टेंबरला परीक्षा आली तर ती दुसऱ्या दिवशी द्यायची परवानगी तेव्हाच लेखी मागावी. महाराष्ट्राने २०१६ मध्ये आपल्या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, त्याचा उल्लेख अर्जात एका ओळीत करावा. त्यावरून भांडण करू नये. त्याच कागदावर २५ सप्टेंबरची संध्याकाळही लिहा. त्या दिवशी सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, सुरू होतो आणि अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी आहे. मिरवणुकांमुळे ठाण्यातले रस्ते दुपारनंतर बंद होऊ लागतील, म्हणून मुलांना शाळेतून थोडे लवकर सोडण्याची विनंती करून ठेवावी आणि सासूबाईंना घेऊन उजेड असतानाच सिनेगॉगला पोहोचावे.